जिभेत एकाहून जास्त पिअर्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या जिभेत पहिलं पिअर्सिंग २०१४ साली झालं. नंतरची दोन २०१६ मध्ये, एकाच बैठकीत. आज त्यातली दोनच शिल्लक आहेत. सगळ्यांत पुढचं मला काढावं लागलं, त्याचं कारण खाली येईलच. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलं. मी डॉक्टर नाही आणि पिअर्सरही नाही. यातलं काही मी स्वतः भोगलंय, आणि बाकीचं दोन चांगल्या पिअर्सरकडून आणि माझ्या दातांच्या डॉक्टरांकडून विचारून विचारून शिकले.

दोन-तीन एकदमच टोचून घेतली तर चालतील ना? सूज एकदाच येईल, सुट्टी एकदाच काढावी लागेल.

मीही अगदी हाच हिशोब केला होता, आणि तो चुकला. जीभ म्हणजे नुसता स्नायू, आणि त्याला रक्तपुरवठा भरपूर. म्हणून ती पटकन भरून येते आणि म्हणूनच पटकन सुजतेही. एका भोकाची सूज जीभ बऱ्यापैकी सहन करते. दोन भोकं एकदम पडली की दोन्हीकडची सूज एकमेकींत मिसळते, आणि किती लांब दांडी (भोकातून आरपार जाणारी, दोन्ही टोकांना मणी असलेली) लागेल हा पिअर्सरचा अंदाज कोलमडतो.

माझ्या बाबतीत तेच झालं. त्या स्टुडिओत माझ्या पहिल्या, बऱ्या झालेल्या पिअर्सिंगची दांडी पाहिली आणि नव्या दोन्हींत त्याच मापाच्या, म्हणजे १६ मिलिमीटरच्या दांड्या घातल्या. बऱ्या झालेल्या जिभेला १६ पुरतात. ताज्या टोचलेल्या जिभेला १८ ते २२ मिलिमीटर लागतात. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती तोंडात काहीतरी ताणलं जातंय म्हणून. आरशात पाहिलं तर पुढच्या पिअर्सिंगचा वरचा मणी अर्धा जिभेत रुतला होता. भोवतीची जीभ फुगून त्याच्या कडेवर चढली होती, आणि जिभेच्या दोन्ही काठांवर दातांचे ठसे उमटले होते, करंजीला मुरड घातल्यासारखे. पहाटेपर्यंत बर्फ चघळत बसले आणि उजाडल्यावर दुसऱ्या, जाणत्या पिअर्सरकडे गेले. तिने दोन्ही दांड्या बदलून २२ मिलिमीटरच्या घातल्या. ताज्या जखमेतून दांडी बदलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेव्हा माझं मत असं: मधल्या रेषेवर एकामागे एक हवी असतील तर एकेक करून घ्या. शेजारीशेजारी दोन, ज्याला ‘व्हेनम’ म्हणतात, ती मात्र बरेच पिअर्सर एकाच दिवशी करतात, कारण एक आधी आणि एक नंतर केलं तर दोन्हींची पातळी जुळवणं अवघड जातं. तशी जोडी करायची असेल तर त्या दिवशी ती जोडीच, तिसरं काही नाही. तीन एकदम करून द्यायला पिअर्सर खळखळ न करता तयार झाला, तर मी तिथून उठून येईन.

जिभेत कुठेही टोचता येतं का?

नाही. आरशासमोर उभं राहून जीभ टाळूला लावा. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर जाड शिरा. रोहिण्या आत खोलवर असतात, त्या दिसत नाहीत. जिभेच्या बरोबर मध्यावर एक तंतुमय पडदा जिभेचे उजवा-डावा असे दोन भाग करतो, आणि त्या रेषेत मोठ्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. म्हणून मधल्या रेषेवरची जागा सगळ्यांत सुरक्षित. टोक आणि जिभेखालच्या पडद्याची सुरुवात यांच्या दरम्यान जेवढी जागा असेल तेवढीच वापरायची. काहींचा पडदा थेट टोकापर्यंत आलेला असतो. त्यांना एकसुद्धा नीट बसत नाही, मग दोन-तीन तर दूरच.

शेजारीशेजारी टोचताना मधली रेषा सोडावी लागते, म्हणजे शिरांच्या जवळ जावं लागतं. चांगला पिअर्सर अशा वेळी जिभेखालून टॉर्च लावून शिरांच्या सावल्या बघतो, पेनाने वर-खाली खुणा करतो, तुम्हाला बोलायला लावतो, जीभ आत-बाहेर करायला लावतो आणि पुन्हा खुणा तपासतो. या कामाला त्याने दहा मिनिटं घेतली तर कंटाळू नका. प्रत्यक्ष टोचायला दोन सेकंद लागतात. सगळी कारागिरी त्या आधीच्या दहा मिनिटांत असते.

दोन भोकांत अंतर किती, हेही महत्त्वाचं. मण्याचा व्यास साधारण ५ ते ६ मिलिमीटर असतो. भोकं तेवढ्याच अंतरावर असली तर मणी दिवसभर एकमेकांवर घासणार आणि मधली जीभ चिमटीत सापडणार.

टोकाला आडवं टोचून दोन मणी दिसतात, ते ‘स्नेक आइज’ कसं आहे?

करू नका. जिभेचे दोन्ही भाग वेगवेगळे हलायला हवेत. आडवी दांडी त्यांना एकत्र खिळते, आणि मणी सतत पुढच्या दातांवर आपटतात. फोटोत छान दिसतं हे मान्य. पण अनेक चांगले पिअर्सर ते करायला सरळ नकार देतात, आणि माझ्या लेखी तो नकार म्हणजेच त्यांच्या कामाची पावती.

आमच्या सोनाराने घरातल्या सगळ्यांचे कान टोचलेत. जीभही तोच टोचून देईल म्हणतो.

सोनाराने कान टोचावेत, ही म्हण कानापुरतीच ठेवा. कानाची पाळी पातळ, तिथे तार फिरवली की काम होतं. जीभ जाड, ओली आणि हलती असते. कानाची गनसुद्धा जिभेला चालत नाही. तिच्यातली टिकली आखूड असते, ती टोचण्याऐवजी दाबाने मांस फाडते, आणि तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, त्यामुळे पूर्ण निर्जंतुक होत नाही.

स्टुडिओत गेलात की एवढं बघा: सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाली की धारदार वस्तूंच्या डब्यात गेली पाहिजे. ऑटोक्लेव्हची तपासणी कधी झाली ते विचारा, आणि हातमोजे फोन उचलल्यावर बदलतात का याकडे लक्ष ठेवा. कावीळ ब आणि क, म्हणजे हिपॅटायटिस ब आणि क, हे आजार अशा निष्काळजीपणातूनही पसरतात. हिपॅटायटिस ब ची लस घेतलेली नसेल तर ती आधी घ्या.

दागिना कोणत्या धातूचा?

इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम. त्याचं मानक एएसटीएम एफ-१३६, हे नाव लक्षात ठेवा आणि दुकानात विचारा. नकली दागिन्याने ज्यांचे कान चिघळतात त्यांना बहुतेक वेळा निकेलची अॅलर्जी असते, आणि स्वस्त स्टीलमध्ये निकेल असतं. सोनं-चांदीचा आग्रह पहिल्या दिवशी नको. चांदी तर ताज्या जखमेत नकोच, ती काळी पडते. दांडीची जाडी साधारण १.६ मिलिमीटर, आणि आटे मण्याला असावेत, दांडीच्या बाहेरच्या अंगाला नकोत. बाहेरचे आटे भोकातून जाताना कानशीसारखे खरवडतात.

कोणी करूच नये?

लहानपणी सांधे सुजून ताप येणं आणि त्यातून हृदयाची झडप खराब होणं आपल्याकडे दुर्मिळ नाही. झडपेचा किंवा जन्मजात हृदयविकार असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, आणि ते जिवावर बेततं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, साखर आटोक्यात नसेल, गरोदर असाल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असाल, तर थांबा. दातांना तारा लावलेल्या असतील तर त्या निघेपर्यंत थांबा. अठराच्या आतल्यांनीही थांबावं. चांगले स्टुडिओ तसंही परत पाठवतात.

दुखतं किती?

टोचताना तितकं नाही. चुकून जीभ चावली जाते ना, त्याहून कमी. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आणि तेही टोचल्यासारखं नाही तर ठणकल्यासारखं, जिभेच्या मुळापर्यंत. गिळताना कानात कळ येते. पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं. अॅस्पिरिन नको, रक्त थांबत नाही. उपाशीपोटी जाऊ नका. चतुर्थीच्या उपासाच्या दिवशी गेलेली माझी एक मैत्रीण खुर्चीतच घेरी येऊन पडली.

पहिला आठवडा कसा जातो, खरं सांगा.

पहिला दिवस फसवा असतो. संध्याकाळी वाटतं, एवढंच होय? दुसऱ्या दिवसापासून सूज चढते आणि तिसरा, चौथा, कधी पाचवा दिवस हा तिचा कळस. तोंडात दुसऱ्या कोणाची तरी जीभ ठेवल्यासारखं वाटतं. लाळ सुटते, उशी ओली होते. जबड्याखाली अवधाण येऊ शकतं, हात लावला की दुखणारी छोटी गाठ. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या, सकाळची सूज कमी राहते. बोलणं कमी. ऑफिसला जायचंच असेल तर बुधवारी-गुरुवारी टोचून घ्या, म्हणजे कळस शनिवार-रविवारी येतो.

बर्फ फार उपयोगी, पण घरचा. उकळून गार केलेल्या पाण्याचे छोटे खडे करा आणि ते तोंडात नुसते विरघळू द्या, दाताने फोडू नका. रस्त्यावरचा गोळा किंवा रसवंतीतला बर्फ त्या आठवड्यात वर्ज्य. तो कुठल्या पाण्याचा आहे हे कोणालाच माहीत नसतं आणि तुमच्या जिभेला आरपार भोक आहे.

सहाव्या-सातव्या दिवशी सूज उतरू लागते. ज्यांनी दोन टोचलीत त्यांचे सगळे आकडे तीन-चार दिवसांनी पुढे सरकवा.

खायचं काय?

यावर लोक फार कमी बोलतात, आणि त्रास सगळ्यांत जास्त इथेच होतो. पहिले तीन दिवस पेज, मऊ गुरगुट्या भात आणि साधं वरण, गार करून. मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, दुधीची किंवा भोपळ्याची गाळलेली भाजी, गार शिरा. आईस्क्रीम चालतं, पण त्यात सुकामेवा नको, आणि खाल्ल्यावर चूळ भरायची. घास छोटा घ्या, चमचा सपाट धरा आणि घास थेट दाढेवर ठेवा. जिभेने घास फिरवायची सवय आठवडाभर मोडावी लागते. ते जमलं नाही तर दांडी दाताखाली येते, आणि तो ‘कट्ट’ आवाज ज्याने एकदा ऐकला तो पुन्हा विसरत नाही.

काय टाळायचं ते ऐकून जीव हळहळेल. ठेचा, मिसळ, लोणचं, लिंबू, टोमॅटोचं सार, आमसूल, अननस, सगळं बाजूला. तिखट सूज उतरल्यावरही दोनेक आठवडे झोंबतं. भाकरीचे कडक कडे, चिवडा, शेंगदाण्याचं कूट, तीळ यांचे कण मण्याखाली जाऊन बसतात. साबुदाण्याची खिचडी मऊ असली तरी दांडीला चिकटते आणि वर शेंगदाण्याचं कूट. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात टोचून घेऊ नका, चकलीवर पाणी सोडावं लागेल. गणपतीत तेवढं वाईट नाही, उकडीचा मोदक तर औषधासारखा जातो.

कढत चहा नको, कोमट चालेल.

मिठाच्या पाण्याने किती वेळा चूळ भरायची? हळद, मध, तूप लावू का?

पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा मीठ, विरघळेपर्यंत ढवळून, त्यात दुसरं काही न घालता. मेडिकलमधलं तयार सलाइन त्याहून सोपं. दिवसातून दोनदा या पाण्याने अर्धा मिनिट, आणि काहीही खाल्लं की साध्या स्वच्छ पाण्याने चूळ. मीठ जास्त घातलं की लवकर बरं होतं हा समज चुकीचा आहे, उलट जीभ भाजून निघते. माउथवॉश वापरायचाच तर अल्कोहोल नसलेला. जिभेची जळजळ होतेय म्हणजे औषध काम करतंय असं समजून तिखट माउथवॉश दिवसातून पाचदा वापरणारे मी पाहिलेत, त्यांची जीभ पांढरी पडून सोलवटते. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तरच आणि तेवढेच दिवस, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात.

कानाला आजी तेल-हळद लावायची, ती माया मला कळते. जिभेला ते काहीच नको. तेलाने मण्याखाली मळ धरतो, हळदीचे कण भोकात जातात. पहिल्याच दिवशी नवा मऊ टूथब्रश काढा. दात नेहमीसारखे दोनदा घासा, आणि सूज उतरली की जीभही हलक्या हाताने. जखमेपेक्षा तोंडाची एकूण स्वच्छता जास्त काम करते.

दांडी गोल गोल फिरवू नका. कानातली तार फिरवायची जुनी पद्धत इथे भरत आलेली कातडी फाडते.

भोकाभोवती पांढरं-पिवळं काहीतरी जमलंय. पू आहे का?

बहुतेक वेळा नाही. ती जखमेतून पाझरणारी लस असते, पातळ, पांढुरकी, आणि मण्याभोवती कड्यासारखी साचते. चूळ भरली की निघते. जिभेवर नेहमीपेक्षा जाड पांढरा थरही येतो, कारण तुम्ही नीट चावत नसता आणि जीभ घासत नसता. पू दाट, हिरवट-पिवळा असतो, त्याला दुर्गंधी येते आणि सोबत दुखणं वाढत जातं.

डॉक्टरांकडे कधी पळायचं?

सूज पाचव्या-सहाव्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, थंडी वाजली, जिभेवरून लाल रेघ मागे सरकताना दिसली, किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी. आणि हे नीट वाचा: जिभेखालचा तळ किंवा हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक लागला, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर क्लिनिकच्या वेळेची वाट बघू नका, मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. तोंडाच्या तळात पसरणारा तो संसर्ग श्वासाची वाट बंद करतो. जीभ टोचल्यानंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत.

संसर्ग वाटला तरी घरी दांडी उपटून काढू नका. भोक वरून बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांनी रागावून पाहिलं तर पाहू द्या, पण कधी टोचलं आणि काय काय लावलं ते सगळं खरं सांगा.

मी बोबडं बोलू लागेन का? मला लोकांशी बोलायचंच काम आहे.

पहिले दहा दिवस, हो. मराठी बोलणाऱ्याला जरा जास्तच, कारण आपल्याकडे ळ आहे, आणि ट, ठ, ड, ढ, ण आहेत. या सगळ्यांना जिभेचं टोक मागे वळून टाळूवर आपटावं लागतं, आणि लांब दांडीचा वरचा मणी नेमका तिथे मध्ये येतो. स आणि श शिट्टीसारखे निघतात. च आणि ज यांचे आपले दोन-दोन उच्चार काही दिवस एकच होऊन बसतात. फोनवर मी ‘बाळासाहेब’ म्हणायला गेले आणि समोरच्याने तीनदा विचारलं, कोण?

सूज उतरली की मोठ्याने वाचायला घ्या, रोज पंधरा मिनिटं. मी ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे आधी हळू आणि मग वेगाने म्हणायचे. दांडी छोटी झाली की ळ जवळजवळ त्याच दिवशी परत येतो. दोन पिअर्सिंग असली तर टोकाजवळचं उच्चारांना जास्त नडतं, मागचं फारसं नाही. कबड्डी खेळत असाल तर दोन महिने मैदानाबाहेर राहा. एका श्वासात चाललेला घोष आणि जबड्यावर बसणारा धक्का, दोन्ही या जिभेला परवडणारे नाहीत.

लांब दांडी कधी बदलायची? राहिली तर बिघडतं काय?

या संपूर्ण पानातला एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. पहिली लांब दांडी फक्त सुजेसाठी असते. सूज पूर्ण उतरली, म्हणजे साधारण दोन ते चार आठवड्यांनी, ती काढून मापाची छोटी घालायचीच. बहुतेकांना १४ ते १६ मिलिमीटर लागते. ही भेट टोचण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती पिअर्सरकडूनच करून घ्या. अर्धवट भरलेल्या भोकात घरी दांडी परत घालताना वाट चुकते. दोन-तीन पिअर्सिंग असतील तर प्रत्येकाचं माप वेगळं निघेल, कारण जीभ टोकाकडे पातळ होत जाते. मागचीला १६ लागली म्हणून पुढचीलाही १६ असं नसतं.

मी बदलली नाही. मणी रुतल्याच्या त्या रात्रीची इतकी धास्ती घेतली होती की २२ मिलिमीटरच्या दांड्या मला सुरक्षित वाटायच्या. दीड वर्ष तशाच ठेवल्या. वाचताना, गाडीवर सिग्नलला थांबल्यावर, फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकताना, पुढच्या दांडीचा खालचा मणी मी खालच्या दातांच्या मागे घासत असायचे. त्याचं मला भानच नव्हतं.

मग एकदा दात साफ करून घ्यायला गेले. डॉक्टरांनी छोटा गोल आरसा खालच्या पुढच्या दातांच्या मागे धरला, दुसरा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हे बघ.” पुढच्या दोन दातांमागची हिरडी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाली उतरली होती. दाताचं पिवळसर मूळ दिसत होतं, आणि त्याच्या कडेला साचलेला कीट.

म्हणजे दात-हिरड्या खराब होतातच?

धोका खरा आहे, आणि तो लपवून मला कोणाचं भलं करायचं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा तोंडातल्या पिअर्सिंगला विरोधच आहे. २००२ साली अमेरिकेत ५२ जणांच्या तोंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १६ मिलिमीटरहून लांब दांडी दोन वर्षं किंवा जास्त वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची पुढच्या खालच्या दातांमागची हिरडी सरकलेली होती. चार वर्षं किंवा जास्त काळ पिअर्सिंग असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढांचे टवके उडाले होते. लांब दांडी हिरडीपर्यंत पोहोचते, आखूड दांडीचा मणी दाढेखाली येतो, आणि काळ जितका जास्त तितकं नुकसान जास्त. हे एका पिअर्सिंगचं. मणी वाढले की दाताला लागायच्या जागाही वाढल्या.

तरीही ठेवायचं असेल तर दांडी मापाची ठेवा, खालचा मणी चपटा घ्या आणि दातांशी खेळायची सवय पहिल्याच महिन्यात मोडा. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना मुद्दाम सांगून खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू बघायला लावा. प्लास्टिकचे मणी दाताला मऊ असतात हे खरं, पण ते फुटतात, म्हणून तेही महिन्या-दोन महिन्यांनी तपासावे लागतात. आणि रोज सकाळी हात धुऊन प्रत्येक मणी घट्ट आहे का पाहा. मणी गिळला तर बहुधा आपोआप बाहेर पडतो. श्वासनलिकेत गेला तर ती वेगळीच आपत्ती.

सिगारेट, तंबाखू, दारू, चुंबन?

सिगारेट बरं होणं लांबवते. तंबाखू, मिश्री आणि सुपारी तर उघड्या जखमेत घालण्यासारखं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी तो कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतो हे मला माहीत आहे, आणि जे खातात त्यांना माझं सांगणं एवढंच: आधी तो सोडा, मग जीभ टोचा. सुपारीने तोंडाची कातडी आवळत जाते, अशा तोंडात नवी जखम करायची नाही. दारू सूज उतरेपर्यंत तरी नको. दुसऱ्याची लाळ किंवा शरीराचा कुठलाही स्राव जखमेला लागेल असं काही पहिले चार ते आठ आठवडे नको, जोडीदार कितीही जुना असो.

मग दुसरं कधी करायचं?

वरवर चार ते आठ आठवड्यांत बरं वाटतं. आतली कातडी पक्की व्हायला मात्र काही महिने लागतात. छोटी दांडी घालून तीन महिने झाले, दुखत नाही, लस येत नाही, बोलणं-खाणं पूर्ववत, मग दुसऱ्याचा विचार करा. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही. पहिलं टोचायला जातानाच पिअर्सरला सांगा की पुढे अजून हवी आहेत, म्हणजे तो पहिलं योग्य जागी घेईल. बरोबर मध्यावर पहिलं बसलं की पुढे-मागे दोघांनाही जागा अपुरी पडते. माझं पुढचं टोकाच्या इतकं जवळ जाण्याचं मूळ कारण हेच.

एमआरआय, ऑपरेशन, रक्तदान?

एमआरआयच्या आधी सांगा, धातू काढायला लावतात. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, पण त्याची सावली चित्रावर पडते. त्या वेळेपुरती काचेची किंवा प्लास्टिकची दांडी मिळते, ती आधीच आणून ठेवा. भूल द्यायची असेल तर दागिना काढायलाच हवा. पिअर्सिंगनंतर आपल्याकडे १२ महिने रक्तदान करता येत नाही, तेव्हा नेमाने रक्त देणाऱ्यांनी आधी देऊन मग टोचावं.

जीभ लुळी पडते, चव जाते, असं मामी म्हणाली.

मधल्या रेषेवर नीट टोचलं तर जीभ हलवणाऱ्या मुख्य नसा फार दूर असतात. कडेला, अंदाजाने टोचलं तर बधिरपणा येऊ शकतो, म्हणून तर जागेवर एवढा भर दिला. चव आठवडाभर फिकी लागते ती जिभेवरच्या थराने, पुढे परत येते.

घरी कसं सांगू?

सांगून करा. सूज लपत नाही, आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी जागं लागतं. आजीला मी घाबरत घाबरत दाखवलं तेव्हा तिने स्वतःच्या बुगडीला हात लावला आणि विचारलं, “जेवता येतं ना?” मग आठवडाभर तिनेच पेज केली.

काढून टाकलं तर भोक बुजतं का?

जीभ फार भराभर बुजते. ताजं असेल तर काही तासांत. कित्येक वर्षांचं असलं तरी कोणाचं एका रात्रीत आवळतं, कोणाचं महिनोन्महिने तसंच राहतं, त्यामुळे दांडी ‘जरा वेळ’ काढून ठेवू नका. वर-खाली छोटा खळगा किंवा गाठीसारखा ठिपका राहतो, बाकी काही नाही.

माझं पुढचं पिअर्सिंग मी त्या आरशाच्या दुसऱ्या दिवशी काढलं. उरलेल्या दोन्हींत १४ मिलिमीटरच्या दांड्या घातल्या. चार दिवसांत भोक मिटलं, आता तिथे तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका आहे. हिरडी मात्र उतरली ती तिथेच आहे. गार पाणी प्यायलं की ते दोन दात अजून शिवशिवतात, आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टर तिथे सळई लावून खोली मोजतात.